फुस्स

बारामतीहून भिगवणमार्गे कुंभारगाव फार तर तीस-पस्तीस किलोमीटर. एवढ्या अंतरात माझी मोटरसायकल चार वेळा बंद पडली आणि चारही वेळा दुरुस्त झाली. चार ठिकाणी, चार माणसांच्या हातून, चार निरनिराळ्या उपायांनी. त्यामागची तीन निदानं साफ चुकीची होती. तरी गाडी दर वेळी चालू झाली आणि उपाय करणारा दर वेळी छाती काढून निघून गेला. चुकीच्या औषधाने गुण यायला लागला की खरा आजार किती खुशाल अंगात राहतो, हे मी त्या दिवशी साडेपाच तास पाहत होतो.

डिसेंबरातला रविवार. डोंबिवलीचा मेहुणा आला होता. "दाजी, तुमच्याकडचे फ्लेमिंगो दाखवा," असा त्याचा हट्ट. रोहित पक्षी ठाण्याच्या खाडीतही उतरतात, त्याच्या घरापासून ते फार लांब नाहीत. पण खाडीकाठी भिगवणसारखी माशांची थाळी मिळत नाही, हे खरं कारण होतं. ते त्याने ताईपुढे बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे रविवारी आमटी-भात असतो.

गाडी शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली, वीस वर्षांची. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हता, हे पुढे कळेलच. रोजच्या दूध-भाजीच्या दोन किलोमीटरांत तिने कधी कुरकूर केली नव्हती. लांब जायचं म्हणून निघताना टाकी काठोकाठ भरून घेतली, बारामतीतला भिगवण चौक सोडला आणि एमआयडीसी मागे पडली न पडली तोच गाडीने दोन झटके दिले. अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तर ती वेग घेण्याऐवजी आवंढे गिळू लागली. मग मान टाकली.

गाडी बंद पडल्यावर पुरुषाने पहिल्यांदा काय करावं, हे शास्त्राने ठरवून दिलेलं नाही. पण सगळे एकच करतात. टाकीचं झाकण उघडून आत डोकावतात. दहाच मिनिटांपूर्वी पेट्रोलचे पैसे स्वतःच्या हाताने मोजले होते, तरी मीही डोकावलो. मेहुणाही डोकावला. मग गाडी गदागदा हलवून आम्ही दोघांनी आतला डुबुक-डुबुक आवाज ऐकला आणि एकमेकांकडे बघून 'आहे' अशी मान हलवली. झाकण उघडताना कसलासा बारीक आवाज झाल्यासारखं वाटलं होतं. पण नेमका शेजारून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढत आणि डेक ठणाणा वाजवत चालला होता. गळीत हंगामात या रस्त्यावर बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

बंद पडलेली मोटरसायकल ही सार्वजनिक मालमत्ता असते. मिनिटभरात एकजण थांबला. तोंडात पेटती बिडी. उघड्या टाकीशेजारी ती बिडी पाहून माझ्याच पोटात पेट्रोल डुचमळलं. घाईघाईने झाकण लावलं. त्याने गाडीकडे न बघताच सांगितलं, "प्लग." त्याच्या डिकीत प्लगपाना होता. अशा माणसांच्या डिकीत तो असतोच. प्लग खोलायला मिळावा म्हणूनच ते रस्त्याने हिंडत असावेत. प्लग काढला, डांबरावर घासला, मेहुण्याच्या पँटला पुसला, फुंकला, इंजिनाला टेकवून ठिणगी पाहिली. ठिणगी निळीशार होती. "शॉर्ट मारत होता," तो म्हणाला. प्लग बसवला, कॉक सोडला, पाच-सहा किका मारल्या. गाडी फुरफुरून चालू झाली. "नवा टाका," असं बजावून तो गेला.

पारवडीच्या अलीकडे पुन्हा तेच. झटके, आवंढे, मान. पुन्हा आम्ही शास्त्राप्रमाणे झाकण उघडून डोकावलो. या वेळी नव्या गाडीवरून दोन तरुण आले. एकाच्या केसांना सोनेरी पट्टा मारलेला. "काका, एअर धरलाय," तो म्हणाला. दुसऱ्याने गाडी कार्बोरेटरच्या बाजूला आडवी केली, पहिल्याने टाकीच्या तोंडाला तोंड लावून शंख फुंकावा तशी जोरात फुंकर मारली. पेट्रोलच्या वाफेने त्याला ठसका लागला, डोळे पाणावले. पण गाडी चालू झाली. निदान मात्र अगदी उलटं होतं. टाकीने हवा धरली नव्हती. हवेवाचूनच तिचा जीव चालला होता. पण शंखवाल्याला ते कोण सांगणार? मलाच ठाऊक नव्हतं.

जाता जाता त्याने आणखी एक निदान केलं. "पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना आता." हे तेवढं खरं. इथेनॉल मिसळायचं प्रमाण वाढत वाढत वीस टक्क्यांवर गेलंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांचं काही रबर त्याला मानवत नाही, हेही खरं. पण आमच्या भागात याबद्दल तक्रार करायची पंचाईत असते. तक्रार करणाऱ्याचा ऊसच कारखान्यात गेलेला असतो आणि त्याचंच इथेनॉल होऊन टाकीत येतं. रस आपला, नळी आपली, भांडायचं कोणाशी?

तिसऱ्यांदा गाडी शेटफळगढ्याला थांबली, तीही चहाच्या टपरीसमोर. इतकी सोयीने की मेहुण्याला माझाच संशय आला. टपरीवाले तात्या म्हणाले, "काय हात लावू नका. तापलीया. तुमी च्या घ्या, तिलाबी दम खाऊ द्या." आम्ही कंटाळलोच होतो, कोणी झाकणाला हात लावला नाही. दोन-दोन चहा झाले, क्रीमरोल झाला, साखर कारखान्याच्या निवडणुकीवर चर्चा झाली. वीस मिनिटांनी किक मारली तर एका किकेत गाडी चालू! तात्यांनी पैसे घेताना नुसत्या भुवया उडवल्या.

आता मला सांगा, प्लगवाला, शंखवाला आणि चहावाला यांच्यापैकी कोणाला खोटं म्हणायचं? तिघांकडे पुरावा होता. गाडी चालू झाली, याहून मोठा पुरावा रस्त्यावर कोण मागतो? बुवा-महाराजांचं दुकानही याच भांडवलावर चालतं. ताप उतरायचा तेव्हा उतरतो. त्या वेळी ज्याचा हात कपाळावर असेल त्याचा अंगारा खरा.

भिगवणला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. उजनीचं धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे पसरत या गावांच्या दारात आलं. त्यात जमिनी गेल्या, गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते अजूनही वर येतं. आणि आली काय, तर मासळी. एरवी ज्वारी-बाजरीच्या या मुलखात आता मासळी बाजार भरतो, लिलाव पुकारले जातात आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणारी माणसं थाळीसाठी गाड्या वळवतात. आम्हीही चिलापी फ्राय मागवली. मेहुणा बोटं चाटत असताना बाहेरून हॉटेलमालक ओरडला, "ओ पाव्हणं, ती गाडी तुमची का? चुलीपाशी पेट्रोल गळतंय!"

खरंच गळत होतं. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरखालच्या बारीक नळीतून थेंब थेंब. सकाळपासून जिला पेट्रोल मिळत नव्हतं, तिला आता जास्त झालं होतं! मी कॉक बंद केला, गाडी सावलीत ढकलली आणि हतबुद्ध होऊन उभा राहिलो. रुग्णाला एकाच दिवशी उपासमार आणि अजीर्ण दोन्ही झालं, तर वैद्याने काय करायचं?

चौथ्यांदा गाडी बंद पडली ती कुंभारगावच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना ऊस. बांधावर एक वयस्क शेतकरी आबा बसून पाइपलाइनीचा कसला तरी पितळी तुकडा पेट्रोलमध्ये धूत होते. डोक्याला मुंडासं, कानामागे न पेटवलेली बिडी. आम्ही झाकण उघडलं. इथे ट्रॅक्टर नव्हता, डेक नव्हता. स्वच्छ आवाज आला.

फुस्स.

आबांनी मान वर केली. "पुन्हा लावा झाकान," ते म्हणाले. लावलं. "उघडा." आता काहीच आवाज नाही. आबा उठले. "किती चालली की बंद पडती?"

"पाच-सात किलोमीटर."

"टाकी फुल हाय?"

"सकाळी काठोकाठ भरली."

"मंग ह्येच."

त्यांनी कार्बोरेटरला जाणारी रबरी नळी उपसली, तिचं टोक आमच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि मला झाकण घट्ट लावून कॉक सोडायला सांगितलं. धार छान सुरू झाली. मग ती बारीक झाली, मग तुटक, मग थेंब थेंब, मग बंद. टाकी जवळजवळ भरलेली आणि नळी कोरडी. "आता उघडा," आबा म्हणाले. फुस्स झालं आणि धार बाटलीत धो धो पडायला लागली.

"आवो, पायपाला एअर वाल का बसिवत्यात?" आबा समजावू लागले. उजनीच्या पाण्यापासून त्यांच्या शेतापर्यंत लांबलचक पाइपलाइन. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी उताराकडे पळतं, मागे पोकळी होते, त्या जागी हवा शिरायला वाट नसेल तर चांगला जाडजूड पीव्हीसी पाइप पापडासारखा चपटा होतो. त्यांचा एकदा झाला होता. "पानी भाईर जायाचं तर हवा आत याया पायजे. टाकीचं बी तसंच. गोड्या तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडत्यात बायका?"

आमच्या घरात तेलाचा डबा फोडायचं काम गेली सत्तावीस वर्षं माझ्याकडे आहे. एक भोक तेलाला, समोरच्या कोपऱ्यात एक हवेला. दुसरं पाडलं नाही तर तेल गुटुक-गुटुक करत गचके देतं, ओट्यावर सांडतं आणि पुढचं सगळं ऐकावं लागतं. हे मी दर महिन्याला करतो.

आबांनी झाकण उलटं करून डोळ्यांशी धरलं. झाकणात एक बारीक भोक असतं; बाहेरची हवा त्यातून आत जाते. आबांनी बांधावरच्या बाभळीचा एक काटा मोडला आणि त्या भोकात हलकेच फिरवला. काट्याला पिवळट लगदा लागून आला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"ह्याला चंदनाचा वास येतुया," आबा म्हणाले.

मेहुण्याने हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं. "दाजी, हा तर तुमच्या बाथरूममधला साबण."

आता कबूल करणं भाग आहे. पंधरा दिवसांपूर्वी साइड स्टँडवर तिरकी लावलेली गाडी, टाकी भरलेली आणि झाकणापाशी ओलसर डाग. गल्लीतल्या एकाने सांगितलं, "साबण चोळा, पेट्रोल थांबतं." थांबतं, हे खरंच आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून टाकीला बारीक चीर गेली तर गॅरेज येईपर्यंत साबणाची वडी घासून वेळ मारून नेतात. मी भोक आणि चीर यांत फरक केला नाही. जिथे डाग तिथे साबण, आणि उरलेला भोकात कोंबून वर अंगठा फिरवला. काम नीट झाल्याचं समाधान म्हणून नंतर त्याच वडीने अंघोळही केली.

"असू द्या, होतं," आबा म्हणाले. "कामाला कुठं असता?"

मी काही बोलायच्या आत मेहुणा बोलला. "दाजी सायन्सचे सर आहेत. तीस वर्षं."

आबा सभ्य माणूस. त्यांनी पाठ वळवून हसून घेतलं.

तीस वर्षं मी आठवीच्या पोरांना हवेचा दाब शिकवला. पाण्याने भरलेल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवून तो उलटा केला. दोन वेळा तो माझ्याच पायावर सांडला. ऑटो फॉन गेरिकेची गोष्ट दर वर्षी सांगितली. सतराव्या शतकात हा गृहस्थ जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा नगराध्यक्ष होता आणि पदावर असताना फावल्या वेळात शास्त्रीय प्रयोग करायचा. हे ऐकून पोरांपेक्षा आमचे मुख्याध्यापक जास्त चकित व्हायचे. त्याने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून आतली हवा पंपाने उपसली. मग दोन्हीकडे आठ-आठ घोडे जुंपले तरी ते अर्धगोल सुटेनात. आत हवा नाही आणि बाहेरची हवा चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोच्या भाराने दाबते आहे. सोळा घोडे जिथे हरले, तिथे माझ्या शंभर सीसीतल्या जेमतेम आठ घोड्यांनी काय करावं?

आणि टाकीला तर एवढ्या पोकळीचीही गरज नाही. जुन्या गाड्यांत पेट्रोल खाली येतं ते स्वतःच्या वजनाने, आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची उंची वीतभर. टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा शंभरात दोन भागांनी उतरला तरी तेवढं वजन तोलून धरलं जातं आणि धार थांबते. कार्बोरेटरच्या वाटीत जे घोट-दोन घोट असतात त्यावर गाडी थोडी पळते आणि मग आवंढे गिळते. सावकाश चालवली तर तिला पेट्रोल कमी लागतं, तेवढी हवा झाकणाच्या रबराशेजारून कशीबशी झिरपते. म्हणून गावातल्या गावात काही कळत नाही. आणि मी सकाळी टाकी काठोकाठ भरली, तिथेच घात केला. भरल्या टाकीत हवेची जागा इवलीशी. त्यातून चमचाभर पेट्रोल गेलं तरी दाब झरकन उतरतो. टाकी अर्धी रिकामी असती तर तीच गाडी कदाचित भिगवणपर्यंत विनातक्रार आली असती. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी बिघडली की माणूस पंपावर भांडायला जातो. मीही मनातल्या मनात पाण्याची भेसळ काढून पंपवाल्याचे वाभाडे काढले होते. ते इथे परत घेतो.

मग बाकीचा हिशेबही लागला. प्लगवाल्याने प्लग घासला, पण त्याआधी आम्ही झाकण उघडलं होतं. शंखवाल्याने तर हवाच भरली. निदान चुकून औषध बरोबर दिलेला तो एकटाच. तात्यांच्या चहाच्या वीस मिनिटांत हवा रबराच्या फटीतून हळूहळू आत शिरली. आणि भिगवणच्या उन्हात टाकी तापली, वाफ वाढली, तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तिने पेट्रोलच खाली रेटलं आणि कार्बोरेटर ओसंडला. एकाच भोकाचा प्रताप. श्वास आतही जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता.

घरी आल्यावर मी गॅरेजमध्ये आणि पंक्चरवाल्याकडे चौकशी केली. या आजाराचे कर्ते बहुधा मालकच असतात. पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली दुधाची पिशवी दाबून बसवणारे आहेत. वरून रेक्झिनचं जाड कव्हर चढवून, चेन लावून, झाकणाचा गळा आवळणारे आहेत. दर रविवारी झाकणाला पॉलिश चोळचोळून भोकात मेण भरणारे आहेत. आणि झाकणाच्या खळग्यातलं पावसाचं पाणी निथळून जायला टाकीच्या तोंडाशेजारी जे वेगळं भोक असतं, ते हवेचं समजून साफ करणारे तर पुष्कळ. ते तुंबलं तर खळग्यात पाणी साचतं आणि टाकीत उतरतं, म्हणून तेही मोकळं हवंच. पण साफ करून गाडी तशीच बंद पडली की माणूस पुन्हा प्लगकडे वळतो. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत बहुतेकांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, टाकीतून निघणारी वाफ कोळशाच्या डबीत शोषली जाते. श्वास त्यांनाही लागतोच. त्या डबीची नळी कुठे चेमटली, किंवा मालकाने टाकी गळ्यापर्यंत भरून ती डबीच पेट्रोलने भिजवली, तर काटा आणि बाभळ काही कामाची नाही. गॅरेज गाठावं लागतं.

माझ्या झाकणावरचा उपाय पंक्चरवाल्याने एका मिनिटात केला. झाकण काढून पेट्रोलमध्ये बुडवलं, कॉम्प्रेसरची हवा मारली. काही झाकणांत बारीक गोळीचा व्हॉल्व्ह असतो, गाडी पडली तर पेट्रोल सांडू नये म्हणून. तो तारेने खरवडला तर कामातून जातो, असं त्याने बजावलं. पैसे घेतले नाहीत. चंदनाचा वास मात्र त्यालाही आला.

त्या दिवशी आबांनी काट्याने मोकळं केलेल्या भोकावर गाडी पुढे बिनतक्रार गेली. कुंभारगावला ऊन कलताना पोचलो. नाववाल्याने पाण्यात नेलं. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, कोणी एका पायावर, बाकीचे माना खाली घालून, चोची उलट्या करून चिखलपाणी गाळत. रोहिताची जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी पुढेमागे होते. पाणी ओढायचं, गाळायचं, बाहेर टाकायचं. मेहुणा बराच वेळ बघत राहिला. "दाजी," तो म्हणाला, "सकाळी आपण टाकीत डोकावत होतो ना, सेम असेच दिसत असणार."

तेव्हा बारामती-भिगवण रस्त्याला कोणी टाकीपाशी असा माना घालून उभा दिसला, तर थांबा. बिडी असेल तर आधी विझवा. झाकण लावा, पाच मिनिटं गाडी पळवा, ती मान टाकेल तिथे पुन्हा उघडा आणि कान द्या. आवाज झाला तर कृपा करून प्लगाला हात लावू नका. आणि मालकाला हळूच, बाजूला घेऊन, साबणाबद्दल विचारा.